नव्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स वॉरंटीतच निकामी : नागपुरात दाद कशी मागावी?

बजाजनगरकर (धागाकर्ता)

नमस्कार. मागच्या दिवाळीत आम्ही सात गिअरांची, ड्युअल क्लच असलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. ऑन-रोड किंमत पंधरा लाखांच्या आसपास, वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, आणि आजवर गाडी दहा हजार किलोमीटरही चाललेली नाही. एप्रिलअखेरीस ऊन तापू लागले, तसे रहाटे कॉलनी चौकात सिग्नल सुटल्यावर निघताना गाडी हिसके देऊ लागली. समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाऊन आलो, तेव्हा मात्र काडीचाही त्रास झाला नाही. वर्कशॉपमध्ये नेली की सकाळच्या वेळी अमरावती रोडवर एक फेरी मारून "सॉफ्टवेअर अपडेट केले आहे, गाडी व्यवस्थित आहे" असे सांगून परत देत असत.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपुढे गेला, त्या दिवसांत एकदा सीताबर्डीच्या गर्दीत डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली. गाडी कशीबशी घरी आणून इमारतीच्या तळघरात लावली. दुसऱ्या दिवशी रिव्हर्स पडेना आणि पुढेही गाडी पहिल्या गिअरमध्येच अडकून राहू लागली, त्यामुळे ती उचलून न्यावी लागली. आता वर्कशॉपचे म्हणणे असे आहे की क्लच जळालेला आहे, क्लच हा झिजणारा भाग असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही आणि तो माझ्या चालवण्याच्या पद्धतीमुळे जळाला आहे. दुरुस्तीचा अंदाज दीड लाखाच्या वर दिलेला आहे. मी गेली वीस वर्षे गाडी चालवतो आहे आणि अर्धा क्लच दाबून गाडी रेटण्याची मला सवय नाही. शिवाय या गाडीत क्लचचे पेडलच नाही, तर मी तो जाळला कसा, हे मला कोणी समजावून सांगावे.

बँकेचा हप्ता सुरू आहे आणि गाडी वर्कशॉपच्या आवारात धूळ खात उभी आहे. दुरुस्ती मान्य करावी, नवा गिअरबॉक्स मागावा की गाडीच बदलून मागावी? ज्यांनी असा प्रसंग निभावला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_तंत्रज्ञ

मी या क्षेत्रात बराच काळ काम केले आहे, म्हणून आधी यंत्राबद्दल लिहितो, कारण यंत्र समजले की वर्कशॉपच्या उत्तरातील कच्चा दुवा आपोआप दिसतो.

क्लच म्हणजे इंजिनाची ताकद गिअरांना जोडणारा आणि तोडणारा भाग. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये असे दोन क्लच असतात. बहुतेक रचनांमध्ये एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा हे विषम गिअर सांभाळतो, तर दुसरा क्लच सम गिअर आणि रिव्हर्स सांभाळतो. आपल्या गाडीचा रिव्हर्स गेला आणि पुढे ती पहिल्यातून दुसऱ्यात जाईना, ही दोन्ही लक्षणे सम गिअरांच्या बाजूकडेच बोट दाखवतात. तिथे क्लचची तबकडी जळालेली असू शकते. परंतु तो क्लच दाबणारी यंत्रणा आणि तिला हुकूम देणारे नियंत्रण युनिट बिघडले असले, तरी लक्षणे हीच दिसतात. शिवाय दाबणारी यंत्रणा अर्धवट दाबत राहिली, तर तबकडी घासून जळणारच. म्हणजे तबकडी जळाली हा परिणाम झाला, आणि तो का झाला हे शोधल्याशिवाय चालकावर ठपका ठेवता येत नाही.

आता उन्हाबद्दल. या गिअरबॉक्सचे कोरड्या क्लचचे आणि ओल्या क्लचचे असे दोन प्रकार आहेत. ओला क्लच तेलात बुडालेला असतो आणि तेल उष्णता वाहून नेते. कोरड्याला भोवतालच्या हवेचाच आधार असतो. रचना हलकी आणि स्वस्त पडते, इंधनही वाचते, म्हणून लहान इंजिनांना तोच देतात. गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा क्लच पूर्ण जुळत नाही, घासत राहतो आणि तापतो. महामार्गावर तो पूर्ण जुळलेला असतो, त्यामुळे शिर्डीपर्यंत काही जाणवले नाही, यात नवल नाही. सकाळी मोकळ्या अमरावती रोडवर घेतलेल्या चाचणीला म्हणूनच काही अर्थ नाही. चाचणी घ्यायची तर दुपारी दोन वाजता व्हरायटी चौकातून कॉटन मार्केटमार्गे बडकस चौकापर्यंत घ्या, आणि ती स्कॅनर, म्हणजे गाडीतील नोंदी वाचणारे यंत्र, जोडून, मालकाला शेजारी बसवून घ्या.

सर्वांत निकडीचे काम आता सांगतो. गाडीच्या नियंत्रण युनिटमध्ये फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडांचे सांकेतिक क्रमांक, साठवलेले असतात आणि त्यांच्यासोबत बिघाडाच्या क्षणीचा वेग, तापमान, गिअर असा तपशीलही बहुतेक वेळा जपलेला असतो. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये क्लच किती वेळा तापला याचीही नोंद राहते. दुरुस्तीला हात लावण्याआधी किंवा आणखी एखादे अपडेट टाकण्याआधी या सगळ्याची छापील प्रत मागून घ्या. कोड एकदा पुसले गेले की आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार गेला असे समजा. काढलेला क्लच आणि काढलेले सुटे भाग फेकू नयेत, असेही लेखी कळवून ठेवा.

बजाजनगरकर

मनापासून आभार. आजच जुनी जॉब कार्डे, म्हणजे वर्कशॉपच्या प्रत्येक भेटीचे नोंदपत्रक, काढून बसलो. पहिल्या कार्डावर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात "नियमित तपासणी" एवढेच लिहिलेले आहे. मी हिसक्यांबद्दल तोंडी सांगितले होते, त्याचा कुठे उल्लेखही नाही. दुसऱ्यावर "लो स्पीड जर्क" असे आहे आणि त्याखाली इंग्रजीत "वर्तन सामान्य, सॉफ्टवेअर अद्ययावत केले" अशा अर्थाची ओळ आहे. तिसऱ्यावर पेनाने गाडीचे आकडे लिहिलेले आहेत, पण निदानाचा रकाना कोराच आहे. या कागदांचा उपयोग होईल का?

अनुच्छेद

मी ग्राहक आयोगापुढील प्रकरणे चालवतो. आपल्याला उपयोग होईल असे या कागदांत बरेच आहे. "लो स्पीड जर्क" हे दोन-तीन शब्द फार मोलाचे आहेत, कारण क्लच जळण्याच्या आधीच दोष कळवला होता आणि तो वर्कशॉपने सामान्य ठरवला, हे त्यांच्याच कागदावरून सिद्ध होते. ज्या कार्डावर तक्रार लिहिलेली नाही, त्याबद्दल आता ईमेल पाठवा आणि त्यात "अमुक तारखेच्या भेटीत मी हिसक्यांबद्दल तोंडी सांगितले होते, त्याची नोंद जॉब कार्डावर घेतलेली नाही" असे स्पष्ट लिहा. ईमेल डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला, दोघांनाही एकाच वेळी जाऊ द्या.

कायद्याची बाजू अशी आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. रक्कम १० ते २० लाखांच्या दरम्यान असेल, तर शुल्क अवघे ४०० रुपये आहे. आपला जिल्हा आयोग सिव्हिल लाइन्समध्ये आहे, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते आणि वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावे लागते. कंपनीशी पत्रव्यवहार सुरू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही, हे पुष्कळ लोक ध्यानात घेत नाहीत आणि नंतर हळहळतात.

गाडी बदलून मिळेल का, याबद्दल मात्र मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे म्हटले आहे की वॉरंटीच्या अटींनुसार सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची जबाबदारी येते, आणि संपूर्ण गाडी बदलून देण्याचा खालच्या स्तरावरचा आदेश न्यायालयाने टिकवला नाही. कंपन्यांचे वकील हा निकाल प्रत्येक प्रकरणात पुढे करतात. दुसरीकडे सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया या २०१० च्या निकालात गाडीची स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करावी आणि उत्पादनातील दोष आढळला तर किंमत परत करावी, असा मार्ग न्यायालयाने दाखवला. या दोन निकालांच्या मधल्या जागेत आपले प्रकरण बसते, आणि ते कोणत्या बाजूला झुकेल हे तज्ज्ञाचा अहवाल ठरवतो. कलम ३८ खाली आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो. त्याचे शुल्क तक्रारदाराला आधी भरावे लागू शकते, पण त्या खर्चाला कचरू नका. अहवालाविना "उत्पादनातील दोष" हे शब्द तक्रारीत कितीही वेळा लिहिले, तरी त्यांना वजन येत नाही.

हिंगणा_रोड

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण मला थोडे वेगळे सुचवायचे आहे. माझ्या मेहुण्याच्या गाडीचा गिअरबॉक्स असाच वॉरंटीत गेला होता. त्याने पहिल्या दिवसापासून नवी गाडीच हवी असा हट्ट धरला, कंपनी देत असलेला नवा गिअरबॉक्स नाकारला आणि गाडी वर्कशॉपमध्येच सोडून दिली. पुढे डीलरने पार्किंगचे भाडे मागितले, बॅटरी उतरली, टायर बसले आणि बँकेचे हप्ते भरतच राहावे लागले. शेवटी त्याने तोच गिअरबॉक्स स्वीकारला आणि ती गाडी आजही उत्तम चालते आहे. आयोगात जाण्याचा हक्क आहे हे मान्य, परंतु नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या माणसाला तारखांचे ओझे किती काळ पेलवते, याचाही विचार झाला पाहिजे.

अनुच्छेद

आपला मुद्दा रास्त आहे. कायद्याने निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने अशी मुदत घातलेली असली, तरी प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ लागतो. म्हणूनच माझा सल्ला असा असतो की वॉरंटीत पूर्ण नवा गिअरबॉक्स मिळत असेल तर तो "माझे इतर हक्क राखून" असे लिहून स्वीकारावा. डीलर बहुधा पूर्ण समाधान झाल्याच्या मजकुराखाली सही मागतो. त्या जागी स्वतःच्या हाताने "गाडी मिळाली, चाचणीअंती समाधान कळवीन" एवढेच लिहावे. नवा गिअरबॉक्स बसवल्यावर पुन्हा तोच दोष आला, तर तीच गाडी बदलून मागण्याची मागणी कितीतरी पटींनी बळकट होते.

वर्धेची_वाचक

माझी गाडी नागपूरच्या शोरूममधून घेतलेली आहे, पण मी वर्ध्याला राहते आणि नोंदणीही एमएच ३२ ची आहे. काही बिघडले तर तक्रारीसाठी नागपूरलाच यावे लागेल का? आणि आमच्या एका नातेवाइकांची गाडी त्यांच्या फर्मच्या नावावर आहे, त्यांना ग्राहक म्हणून दाद मागता येते का?

अनुच्छेद

ताई, २०१९ च्या कायद्याने दिलेली ही मोठी सोय आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, त्यामुळे आपल्याला वर्ध्यातच दाखल करता येईल. फर्मच्या नावावरील गाडीबद्दल, ती नफ्याच्या व्यवहारात थेट वापरली जाते का, हे पाहिले जाते. कंपनीच्या संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या मोटारीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कंपनीला ग्राहक मानले आहे. टॅक्सी म्हणून भाड्याने फिरवत असतील तर गोष्ट निराळी. तेव्हा नातेवाइकांनी वापराचे स्वरूप दाखवणारे कागद जवळ ठेवावेत.

मनीषनगर

विमा कंपनीकडे दावा करता येईल का, असे एका परिचिताने विचारले, म्हणून लिहितो. येत नाही. सर्वसाधारण मोटार विम्यात यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेला असतो. म्हणूनच वॉरंटीचा मार्ग सोडून "विम्यात बसवून देतो" असे कोणी सुचवले, तर ते मान्य करू नये. खोटा अपघात दाखवण्याचाच तो प्रकार असतो आणि सही आपली असते.

जुना_तंत्रज्ञ

चालवण्याच्या पद्धतीवर ठपका ठेवण्याबद्दल आणखी थोडे लिहितो, कारण हे उत्तर ऐकून अनेक सज्जन माणसे गप्प बसतात आणि खिशातून पैसे भरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या कोरड्या ड्युअल क्लचच्या गाड्यांबद्दल हजारो तक्रारी आल्या होत्या. थरथर हे गाडीतील दोषाचे लक्षण आहे हे कंपनीला ठाऊक असूनही ती ग्राहकांना "तुमच्या चालवण्यामुळे होते" असे सांगत होती. तिथल्या फेडरल न्यायालयाने २०१८ मध्ये या वागणुकीबद्दल कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. चीनमध्ये फोक्सवॅगनने २०१२ मध्ये अशाच गिअरबॉक्सची वॉरंटी १० वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढवून दिली होती. आपल्याकडील आयोगावर हे दाखले बंधनकारक नाहीत, परंतु जगभर मान्य झालेली अडचण फक्त नागपूरच्या ग्राहकाच्या पायामुळे उद्भवते, असे म्हणणाऱ्याला हे दाखवायला हरकत नाही.

चालकाची चूक असूच शकत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, तर कोरडा क्लच खरोखर जळतो. पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदम निघावे, हे बरे. परंतु ज्या गाडीला वर्कशॉपनेच "वर्तन सामान्य" असा शेरा दिला होता, तिच्या मालकाला नंतर चालवण्याची पद्धत चुकीची होती असे सांगता येणार नाही. वर्तन सामान्य होते तर क्लच जळाला का, आणि सामान्य नव्हते तर तेव्हाच दुरुस्त का केले नाही, एवढे दोनच प्रश्न लेखी विचारा. त्याचबरोबर वॉरंटी पुस्तिकेतील झिजणाऱ्या भागांच्या यादीचे पान उघडून पाहा. क्लचची तबकडी त्या यादीत असली, तरी क्लच दाबणारी यंत्रणा आणि नियंत्रण युनिट बहुधा त्यात नसतात.

बजाजनगरकर

सर्वांना नमस्कार आणि पुढची हकीकत. आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही प्रश्न ईमेलने डीलरला आणि कंपनीला विचारले, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि स्पीड पोस्टाने पत्रही पाठवले. फॉल्ट कोडची छापील प्रत मागितल्यावर आधी "ती कंपनीची गोपनीय माहिती आहे" असे उत्तर मिळाले. नकार लेखी द्या म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रत मिळाली. त्यात क्लच दाबणाऱ्या यंत्रणेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचा कोड आहे, आणि त्याची पहिली नोंद हिसक्यांची तक्रार केली त्याच सुमारास, म्हणजे मेच्या उन्हाळ्याच्या आधीच झालेली आहे.

कंपनीचे विभागीय अभियंता येऊन गेले. त्यांनी गिअरबॉक्स उघडला तेव्हा मी समोर उभा होतो. सम गिअरांच्या क्लचची तबकडी कडेने निळसर काळी पडलेली होती आणि तिच्या शेजारची, विषम गिअरांची, जवळपास नवी दिसत होती. मी चालवून जाळली असती तर सर्वांत आधी पहिल्या गिअरची बाजू जळायला हवी होती, कारण गर्दीत गाडी निघते ती पहिल्यातूनच. हा मुद्दा मी त्यांच्यापुढे मांडला आणि त्यांनी तो नाकारला नाही. आता पूर्ण गिअरबॉक्स क्लचसह वॉरंटीत बदलून देण्याचे त्यांनी ईमेलवर मान्य केले आहे. बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू राहील असे ते म्हणतात. मी वाढीव दोन वर्षे मागितली आहेत. त्यावर आग्रह धरावा का?

अनुच्छेद

जरूर धरावा, कारण मूळ मुदतीपुरतीच हमी देणे हा पुस्तिकेतील नियम असला, तरी वाढीव वॉरंटी विनामूल्य देणे कंपनीच्या अखत्यारीत असते आणि तक्रार लेखी झालेली असताना ती पुष्कळदा दिली जाते. उचलून नेण्याचा खर्च आणि गाडी बंद असतानाचा टॅक्सीचा खर्च यांच्या पावत्याही सोबत जोडा. नकार आला तर तेवढ्याच मर्यादित मागणीसाठी आयोगात जाता येते, आणि तिथे मध्यस्थीचीही सोय आहे.

जुना_तंत्रज्ञ

दोन्ही तबकड्यांमधील फरक आपण नेमका हेरलात, त्याचे छायाचित्र जपून ठेवा. नवा गिअरबॉक्स येईल तेव्हा त्यावरील अनुक्रमांक स्वतः पाहा आणि तोच क्रमांक जॉब कार्डावर लिहून घ्या, कारण नव्याच्या नावाखाली दुरुस्त केलेला जुना बसवल्याची तक्रार मी ऐकलेली आहे. बसवल्यानंतर नियंत्रण युनिटला नव्या क्लचची ओळख करून देण्याची प्रक्रिया करावी लागते, ती झाल्याची नोंदही कार्डावर हवी. चाचणी दुपारच्याच वेळी आणि गर्दीतच घ्या. रिव्हर्स तर तळघराच्या उतारावर, गाडी पूर्ण तापलेली असताना, दोन-तीनदा टाकून पाहा.

बजाजनगरकर

गिअरबॉक्स आला आहे. खोक्यावरचा, धातूच्या पट्टीवरचा आणि जॉब कार्डावरचा, असे तिन्ही अनुक्रमांक मी आज दुपारी ताडून पाहिले आणि त्यांचे छायाचित्र घेतले. वाढीव वॉरंटीपैकी एक वर्ष त्यांनी तोंडी मान्य केले आहे. ते कंपनीच्या ईमेलवर लेखी येईपर्यंत गाडी ताब्यात घेतल्याच्या कागदावर "हक्क राखून" या शब्दांशिवाय सही करणार नाही, हे मी सर्व्हिस मॅनेजरना सांगून आलो आहे. लेखी उत्तर आले की ते इथे शब्दशः देतो, म्हणजे पुढच्या कोणाला कंपनीशी बोलताना ते वापरता येईल.